कोपरी ते कल्याण, वाटेत दादाचं घर

ठाण्याहून कल्याणला कुणी धावत जात नाही. तसं कारणच नाही. मी मात्र एका रविवारी पहाटे पाचला कोपरीहून निघालो आणि दुपारी एकच्या आत कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली पोचलो, मध्ये मुद्दाम लांबलांबचे वळसे घेत, पन्नास किलोमीटर पुरे करून. याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. मॅरेथॉन बेचाळीसवर संपते. त्यानंतरही जो स्वतःच्या पायांचं ऐकत नाही, तो अल्ट्रावाला. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही, आणि शहाणे असतील तर करणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पण आधीच सांगतो, यात पराक्रम शोधू नका. मेडल कपाटात कपड्यांखाली आहे आणि ते बाहेर काढावंसं मला वाटत नाही.

निघण्याआधी

मी विनायक परब, वय एकावन्न. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. माल गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, केसभर इकडेतिकडे झाला तर नापास. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे मी घरातल्या माणसांनाही गेज लावतो, असं नीताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. बाई खोटं बोलत नाही.

धावायला लागलो तो रागातून. माझा मोठा भाऊ वसंत, आमचा दादा, डोंबिवली पश्चिमेला कोपरला राहतो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे माझी फी, माझ्या चपला आणि माझे कान पिळणं ही तिन्ही खाती त्याच्याकडे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं, मृणालचं, लग्न ठरलं आणि पत्रिका आली व्हॉट्सॲपवर. आता आमच्याकडे सख्ख्या काकाला आमंत्रण द्यायचं तर नारळ-अक्षत घेऊन माणूस दारात येतो. मी वाट बघितली. कुणी आलं नाही.

नीता म्हणाली, "अहो, तुम्हाला कोण बोलावणार? तुम्हीच बोलावणारे ना?"

मी म्हटलं, "प्रश्न मानाचा आहे."

मुहूर्त सकाळी अकराचा होता. अकरा वाजता मी येऊरच्या चढावर एकटाच धावत होतो. तिकडे मंगलाष्टकं चाललेली, इकडे मी घामाघूम होऊन स्वतःला सांगत होतो की बरं झालं, समजेल त्याला. नीता एकटी लग्नाला जाऊन आली. संध्याकाळी तिने साडी घडी करताना सांगितलं, दादा पत्रिका वाटायला माझीच वाट बघत होता. दोघा भावांनी जोडीने निघायचं म्हणून त्याने पत्रिकांचा गठ्ठा तसाच बांधून ठेवलेला. मी काही गेलो नाही. शेवटी दिवस उरले नाहीत म्हणून सगळ्यांनाच त्याने फोनवर पाठवली.

हे कळल्यावर शहाण्या माणसाने त्याच संध्याकाळी जाऊन पाय धरले असते. मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला गेलो. मग रोजच. दादाने फोन केला नाही, मी केला नाही. दोन वर्षं अबोला. चूक आपली आहे हे कळल्यावर माणूस जास्तच ताठ होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आमच्या कोपरीतल्या धावणाऱ्यांच्या गटाने पन्नास किलोमीटरचा बेत आखला तेव्हा सगळ्यांत आधी नाव दिलं सुजाता कांबळेंनी. त्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत, म्हणून गटात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. वय सत्तेचाळीस, अंगाने किरकोळ, आणि तोंडाने फटकळ. वर्षभर आम्ही दोघं सोबत सराव करत होतो. त्यांच्यामागोमाग मीही नाव दिलं. रस्ता ठरला: कोपरी, माजिवडा, कशेळीचा पूल, भिवंडीच्या बाजूने माणकोली, तिथून खाडीवरच्या नव्या पुलाने मोठागाव, मग डोंबिवली, कल्याण, पुढे टिटवाळ्याच्या रस्त्याला लागायचं, आंबिवलीच्या पुढून वळायचं आणि परत दुर्गाडी. एकूण वेळ आठ तास.

मी नकाशावर बोट फिरवत गेलो आणि मध्येच थांबलो. रस्ता कोपरवरून, दादाच्या इमारतीच्या अगदी दारावरून जात होता.

आठवडाभर आधी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुमची ती शर्यत आमच्या दारावरून जाते म्हणे?"

"हो, पण वहिनी, दादा..."

"ते तोंडाने काही बोलणार नाहीत. पण चार दिवस झाले, मला विचारतायत, किती वाजता इथे पोचेल म्हणून. तुम्ही असं करा, वर या. पाचच मिनिटं बसा. कुणी माफीबिफी मागायची नाही, कुणी मागचं काढायचं नाही. दारावरून जाताना घरात आलात, एवढं झालं की सुटेल हे सगळं. कराल ना?"

मी म्हटलं, "येतो वहिनी. नक्की येतो."

मग मी माझ्या सवयीने वेळापत्रक केलं. प्रत्येक ठिकाणी किती वाजता पोचायचं, किती घोट पाणी, कुठे खजूर, कुठे मीठ. कोपरसमोर लिहिलं: सात पन्नास, थांबा पाच मिनिटं. कागद प्लास्टिकमध्ये घालून मनगटाला बांधला.

खाडीपलीकडे

थंडी होती. पौषात ठाण्याला जेवढी पडते तेवढीच, म्हणजे निघताना कुडकुडायचं आणि अर्ध्या तासात विसरायचं. कोपरीच्या चौकातून आम्ही चाळीसेक जण निघालो. दूधवाले, पेपरवाले आणि मॉर्निंग वॉकचे आजोबा आमच्याकडे बघत होते. एका आजोबांनी विचारलं, "कुठपर्यंत?" कोणीतरी म्हणालं, "कल्याण." त्यांनी हात जोडले.

माजिवड्याचं जंजाळ, बाळकूम, कशेळीचा पूल, हे सगळं अंधारातच मागे पडलं. पुलावर खाडीचा तो ओळखीचा वास नाकात शिरला. पलीकडे काल्हेरपासून गोदामं सुरू होतात आणि संपतच नाहीत. पत्र्याचे लांबलचक शेड, एकामागे एक कंटेनर उभे, ड्रायव्हर स्टोव्हवर चहा उकळतायत. कल्याण-भिवंडीकडचा माणूस बाहेरगावी गेला की सांगतो, आमच्याकडे किल्ला आहे, खाडी आहे. गोदामांचं कुणी सांगत नाही. पण तुम्ही घरबसल्या मागवलेली प्रत्येक वस्तू एकदा इथे झोपून आलेली असते. एका ड्रायव्हरने मला अर्धा कप चहा दिला. बिहारचा होता. म्हणाला, "भैया, पैसा मिलता है क्या इसका?" मी म्हटलं, उलट आम्हीच भरलेत. त्याने कप परत मागून घेतला नाही एवढंच.

उजाडता उजाडता माणकोलीला पोचलो. नवा पूल चढताना खाली धुकं, खाडीत रेतीच्या जुन्या बंदराची बाजू, खारफुटी, आणि समोर डोंबिवलीच्या इमारती दात काढल्यासारख्या उभ्या. सुंदर होतं हो. एरवी मी असलं काही बघत नाही. सिस्टर बाजूला होत्या, म्हणाल्या, "परब, मनगट बघायचं सोडा आणि समोर बघा." मी समोर बघितलं आणि मग मनगट बघितलं. आम्ही चार मिनिटं मागे होतो.

पूल उतरला की मोठागाव, जुनं आगरी-कोळ्यांचं गाव. एक म्हातारी घराबाहेर सुकट निवडत बसलेली. आम्हाला बघून ओरडली, "कनाला पलतंस रं बाला? कोन मागं लागलाय?"

सिस्टर म्हणाल्या, "कोण नाही मावशी, हौस."

"हौस!" म्हातारीने कपाळाला हात लावला. "पानी तरी पी, मंग मर."

तांब्याने पाणी दिलं आणि हातावर तांदळाच्या भाकरीचा तुकडा ठेवला, वर सुकटीची चटणी. माझ्या पाऊचमध्ये ऑनलाइन मागवलेली एनर्जी जेलची पाकिटं होती, ज्यांची चव खोकल्याच्या औषधासारखी असते. भाकरी मी उभ्या उभ्या खाल्ली. सिस्टरनी दोनदा मागून घेतली. इथे आणखी तीन मिनिटं गेली. एकूण सात. मी सिस्टरना चला चला करायला लागलो.

कोपर

सात सत्तावन्नला आम्ही दादाच्या इमारतीसमोर आलो. गेटजवळ वहिनी उभी होती, अंगावर शाल, हातात पाण्याची बाटली. बाजूला तिच्या मजल्यावरच्या दोन बायका, बहुतेक तिनेच आणलेल्या, मोठ्या उत्साहाने टाळ्या वाजवायला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू.

"चला वर," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."

मी मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत दादा उभा होता. पांढरा बनियन, कठड्यावर दोन्ही हात. केस पांढरे झालेत हे मी तेव्हा बघितलं. दोन वर्षांत झाले की आधीच होते, आठवेना. आमची नजर भेटली. मी हात वर करणार, एवढ्यात तो वळला आणि आत गेला.

माझ्या डोक्यात भडकलं. म्हटलं, बघ, तोंड फिरवून गेला. अजून तोच ताठा.

"वहिनी, मला सात मिनिटं उशीर झालाय. दादाला खाली बोलवा ना, इथेच भेटतो."

"अहो, दोन मजले फक्त."

"बावीस किलोमीटर झालेत माझे. पाय थंड पडले तर पुढे उचलणार नाहीत. आणि पुढे कल्याणला वेळेची मर्यादा आहे, तिथे अडवतात. संध्याकाळी येतो, निवांत. मेडल घेऊनच येतो."

मेडल घेऊनच येतो, असं मी म्हणालो. तेवढा तोरा मला अजून आठवतो आणि जीभ चावावीशी वाटते.

बाटली वहिनीच्या हातातच राहिली. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. सरावात मी त्यांना दादाचं सगळं सांगितलेलं, मृणालचं लग्न, येऊरचा चढ, सगळं.

"परब, वर जा," त्या म्हणाल्या. "मी थांबते इथे. दोघं मिळून वेळ काढू भरून."

"नाही जमणार सिस्टर. चला तुम्ही."

"माणूस वाट बघतोय वर."

"वाट बघत असता तर आत कशाला गेला?"

सिस्टरनी वहिनीला विचारलं, "ताई, कुठला नंबर?" आणि गेटातून आत शिरल्या. मला वाटलं, घाबरवतायत. मी पाच पावलं मागे बघत धावलो, मग पुढे बघून धावलो. जिन्यात त्यांचे बूट वाजत होते ते रस्त्यावर ऐकू येत होतं.

कल्याणकडे, आणि कल्याणच्या पुढे

डोंबिवलीचं काय वर्णन करू? मी काही बघितलंच नाही. रविवार सकाळ, लोक पिशव्या घेऊन बाजाराला निघालेले, नाश्त्याच्या गाड्यांवर गर्दी. ठाकुर्लीकडे एका गाडीवर मिसळीचा कट उकळत होता. एरवी मी थांबलो असतो. मी वेळ भरून काढत होतो. सात मिनिटं उशीर होता, तो पत्री पुलापर्यंत दोन मिनिटांवर आणला. दुर्गाडीखालच्या चौकीवर पोचलो तेव्हा वेळेच्या मर्यादेआधी वीस मिनिटं होती. स्वयंसेवकाने पाठ थोपटली, मोसंबी दिली. मी कागद बघितला. सगळं पास.

दुर्गाडी सोडली आणि शहाडच्या पुढे पाय बोलायला लागले. पस्तीस-छत्तीसपर्यंत पाय नोकरासारखे वागतात, नंतर मालकासारखे. आधी डाव्या पोटरीत गोळा आला, मग मांडीत. मी चालायला लागलो. आंबिवलीच्या आधी रस्त्याकडेला एक बाई पेरू आणि बोरं घेऊन बसलेली. मी पेरूला मीठ लावून मागितलं. तिने मीठ तर लावलंच, वर विचारलं, "काका, घरून भांडून निघालात का?" मी हसलो. तिने माझ्या तोंडाकडे बघून हसणं थांबवलं आणि आणखी एक पेरू दिला.

तिथे मागून आवाज आला. "काय परब, पेरू एकट्यानेच?"

सिस्टर. ज्या बाईने दोन मजले चढून-उतरून, वर बसून, माझ्यामागून पंधरा मिनिटांनी सुरुवात केली, ती मला अडतिसाव्या किलोमीटरला गाठून उभी होती आणि तिला धापसुद्धा नव्हती.

"गेलेलात तुम्ही वर?" मी विचारलं.

"गेलेले. आणि पोटभर पेज पिऊन आले."

"पेज?"

"उकड्या तांदळाची. तुमच्या दादांनी स्वतः केलेली, पहाटे चारला उठून. ताई म्हणाल्या, मला ओट्याजवळ उभं राहू दिलं नाही त्यांनी." सिस्टर माझ्यासोबत चालायला लागल्या. "तुम्ही म्हणालात ना, तोंड फिरवून आत गेले? ते पेज ओतायला गेलेले. धावणाऱ्या माणसाला गरम घोट उतरत नाही म्हणून दोन भांडी घेऊन वरून खाली, खालून वर ओतून गार करत बसलेले. मी दारात गेले तर हातात भांडं तसंच. मला बघून म्हणाले, 'विनू?' मी सांगितलं, पुढे गेला."

मी पेरू हातात तसाच धरून चालत राहिलो.

"मग म्हणाले, 'या, तुम्ही तरी प्या.' बसवलं. लिंबाचं लोणचं दिलं. पाय बादलीत घाला म्हणाले, मिठाचं कोमट पाणी तयार होतं. पाट मांडलेला. मी घातले पाय. सांगते तुम्हाला, तेवढ्यावर मी इथवर आले."

"काही म्हणाला का? माझ्याबद्दल?"

"म्हणाले, गॅलरीतून बघितलं, अजून टाच आपटून धावतो. शाळेत होता तेव्हापासूनची खोड. त्या गाढवाला सांगा, गुडघे जातील."

देवाशपथ सांगतो, मी त्या रस्त्यावर रडलो. मोटारसायकली जातायत, ट्रॅक्टर जातोय, वर ऊन चढलंय, आणि एकावन्न वर्षांचा माणूस हातात पेरू घेऊन रडतोय. सिस्टर थांबल्या. नर्स असल्यामुळे रडणाऱ्या माणसाजवळ किती वेळ उभं राहायचं हे त्यांना माहीत असावं.

"परत जाऊ का?" मी विचारलं. "रिक्षा मिळेल इथून."

"आता?" त्यांनी जरा विचार केला. "जायचं तर जा. जाच."

आणि इथे मी दुसऱ्यांदा तेच केलं. अडतीस झालेत, बाराच उरलेत, वर्षभराचा सराव, लोक काय म्हणतील, असं सगळं डोक्यात आलं. म्हटलं, पुरं करतो आणि तडक तिथेच जातो. सिस्टर थोडं अंतर सोबत राहिल्या, मग त्यांचा वेग वाढला आणि त्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

पुढचे बारा किलोमीटर मी टाच न आपटता धावायचा प्रयत्न केला. नाही जमलं. चाळीस वर्षांची खोड, त्या रस्त्यावर थोडीच जाते.

दुर्गाडीखाली पोचलो तेव्हा बारा अडतीस झालेले. खाडीचं पाणी चमकत होतं, कोणीतरी ताशा वाजवत होतं, गळ्यात मेडल पडलं. सिस्टर माझ्या आधी नऊ मिनिटं येऊन सावलीत बसलेल्या, बूट काढून. मी हिशोब केला, सवयीने. आठ तासांतली बावीस मिनिटं उरलेली. दादाच्या घरी पाच मिनिटं लागणार होती. दहा धरा. अगदी पोटभर पेज प्यायलो असतो, पाय बादलीत घातले असते, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, तरी वेळेत पोचलो असतो. ह्या बावीस मिनिटांचं मी काय करायचं होतं, मला कुणी सांगा.

संध्याकाळ

तडक काही गेलो नाही. घरी आंघोळ करून निघेपर्यंत पाच वाजले. नीता म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नको, हे माझं मला करू दे. दादाच्या जिन्यात एकेक पायरी आडवं होऊन चढावी लागली. मेडल खिशात होतं. दार बंद होतं. बेल वाजवली.

दादाने दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला. "ये," म्हणाला. "बस."

दोन वर्षांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द. वहिनीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. अबोला सुटला, बघा. एवढं सोपं होतं.

मी स्वयंपाकघराकडे वळलो, कारण ह्या घरात मी नेहमी तिथेच, खाली भिंतीला टेकून बसलोय. दादा म्हणाला, "इथे बस ना, सोफ्यावर. पाय दुखत असतील." त्याने पंखा लावला. पाठीला उशी दिली. वहिनीने पोहे आणले, वर खोबरं-कोथिंबीर पेरून, डिशमध्ये चमचा घालून. कपबशी बाहेर काढलेली.

"किती वेळात झालं?" दादाने विचारलं.

"सात तास अडतीस मिनिटं."

"वा. छानच. अभिनंदन."

मी खिशातून मेडल काढून त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं, छान आहे म्हणाला आणि जपून परत दिलं. मी म्हटलं, "दादा, सकाळी माझं चुकलं. मृणालच्या लग्नालाही चुकलं. मला वर यायला हवं होतं रे."

"छे, छे," तो म्हणाला. "शर्यत होती तुझी. शर्यतीत मध्येच कोण थांबतं? मी समजू शकतो."

मी वाट बघत होतो. म्हटलं, आता आवाज चढेल. आता गाढवा म्हणेल, तुला अक्कल केव्हा येणार म्हणेल. सिस्टरला, एका परक्या बाईला, त्याने माझ्या टाचेचं सांगितलं. मला सांगावं, एवढंच मला हवं होतं. मी मुद्दाम म्हटलंसुद्धा, "गुडघे दुखतायत."

"डॉक्टरला दाखव," दादा म्हणाला. "आजकाल चांगली औषधं आहेत."

मग आम्ही नव्या पुलाबद्दल बोललो. त्यामुळे ठाणं किती जवळ आलं याबद्दल बोललो. मृणाल पुण्यात बरी आहे, असं तो म्हणाला. मी पेजेचं काढलं तेव्हा वहिनी म्हणाली, "उरलेली दुपारी ह्यांनीच संपवली," आणि दादा म्हणाला, "टाकायची कशाला." तासाभराने मी उठलो. जेवून जा असं तो म्हणाला, मी नको म्हटलं, त्याने आग्रह केला नाही.

मी चपला घातल्या. दादानेही घातल्या. मी म्हटलं, "तू कुठे?" तो म्हणाला, "येतो ना खालपर्यंत." कठडा धरून, एकेक पायरी, माझ्या दुखऱ्या पायांच्या वेगाने तो दोन मजले उतरला. गेटाबाहेर येऊन रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला नीट सांगितलं कुठे सोडायचं, मला म्हणाला, "सांभाळून जा. ये असाच कधीतरी." आणि रिक्षा वळेपर्यंत हात वर करून उभा राहिला.

ह्या घरातून मी आजवर किती वेळा निघालो असेन, मोजता यायचं नाही. दादा मला सोडायला कधी जिन्यापर्यंतही आलेला नव्हता. आतूनच ओरडायचा, "दार ओढून घे रे."